४५ डॉलर भरू का, ताई?

उदगीरहून एका मुलाने विचारलं आहे, थोडक्यात असं: "ताई, बी.एस्सी. झालंय, दुकानात काम करतो. मोबाइलवर दोन लघुपट केले. पुण्या-मुंबईला राहून फिल्म शिकणं घरच्या परिस्थितीत जमणार नाही. नेटवर इतके कोर्स, इतके व्हिडिओ, इतके ग्रुप आहेत की काय धरावं कळत नाही. कुठे शिकू आणि कोणाला दाखवू? एका परदेशी फेस्टिवलचा मेल आलाय, ४५ डॉलर एंट्री फी मागतात. भरू का?" सोबत नऊ मिनिटांच्या फिल्मची लिंक आहे. नळाच्या दिवसाची वाट बघणाऱ्या आजीची फिल्म.

मी एडिटर आहे. वीस वर्षं पुण्यात याच कामावर पोट भरते. तुझी फिल्म काल रात्री एकदा पाहिली, आज सकाळी हातात वही घेऊन पुन्हा पाहिली.

शेवटच्या प्रश्नाला मुदत आहे म्हणून त्याचं उत्तर आधी. भरू नकोस. त्या मेलमध्ये "तुमची फिल्म आम्हाला फार भावली" असं लिहिलंय, पण फिल्मचं नाव कुठेच नाही. त्यांचं पान उघडून बघ. दर महिन्याला निकाल, ऐंशीच्या वर विभाग. स्क्रीनिंग कुठल्या शहरात, कुठल्या थिएटरात, ते लिहिलेलं नाही. ज्युरी कोण, त्याचाही पत्ता नाही. खाली मात्र ट्रॉफी आणि छापील प्रमाणपत्राचे दर आहेत. काही वर्षांपूर्वी मी एडिट केलेल्या एका लघुपटाच्या दिग्दर्शकाने अशा चौदा ठिकाणी पैसे भरले होते. पोस्टरवर नऊ लॉरेल आले, म्हणजे फेस्टिवलात निवड झाल्याची ती पानांची चिन्हं. नंतर आम्ही लिंक किती वेळा उघडली गेली ते पाहिलं, तर परदेशातून तीन वेळा, आणि त्यातल्या दोन वेळा पहिल्याच मिनिटाला बंद केलेली. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. त्याने पैसे उसने घेतले होते.

४५ डॉलर म्हणजे जवळपास चार हजार रुपये. त्यातल्या हजारभरात वायरवाला लेपल माइक, म्हणजे कपड्याला टाचायचा छोटा माइक येतो, आणि तुझ्या फिल्मला आज सगळ्यात जास्त गरज त्याचीच आहे. आजी बोलते तेव्हा डोक्यावरचा पंखा तिच्यापेक्षा मोठ्याने ऐकू येतो. शूटच्या वेळी पंखा बंद करायचा, फ्रिज असेल तर तोही बंद करायचा, आणि गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे निघताना फ्रिज परत चालू करायचं विसरत नाही. आमच्या साउंडवाल्यांची ही जुनी सवय आहे. खोलीतून निघण्याआधी कोणालाही न बोलू देता मिनिटभर नुसती खोलीच रेकॉर्ड करायची. त्याला रूम टोन म्हणतात. एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मधली पोकळी भरायला तोच लागतो.

आता फिल्मबद्दल. पहिली पन्नास सेकंदं ड्रोन शॉट आहे. कोणाच्या तरी लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून घेतला असशील. सहाव्या मिनिटाला तोटीतून आधी नुसती हवा येते, फस्स फस्स, मग गढूळ पाण्याची एक पिचकारी, आणि आजी हंडा न हलवता तोटीकडे बघत राहते. तो शॉट बघताना माझा श्वास थांबला. तुझी फिल्म तिथे सुरू होते. त्याआधीच्या पाच मिनिटांतलं निम्मं काढता येईल.

हे तुला आजवर कोणी सांगितलं होतं का? तू लिहिलंस की फिल्म चार व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि सगळीकडून "भारी भावा", "एक नंबर" असं आलं. त्यांनी प्रेमाने लिहिलं असेल, पण त्यावरून पुढचा कट कसा करायचा ते कळत नाही. माहिती तुझ्याकडे भरपूर आहे. फिल्म शेवटपर्यंत बघून कुठे कंटाळा आला ते सांगणारी चार-पाच माणसं तुझ्याकडे नाहीत. नेटवर काय धरायचं आणि काय सोडायचं, ते यावरून ठरव. जिथे तुला असं माणूस भेटण्याची शक्यता आहे, तिथे वेळ दे.

शिकण्याचं बोलू. तू मोबाइलच्या ॲपमध्ये एडिट करतोस. कोणाचा बऱ्यापैकी ताकदीचा कॉम्प्युटर रात्री दोन तास मिळत असेल तर डाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर शीक. फुकट आवृत्तीतून अल्ट्रा एचडीपर्यंत फाइल काढता येते, आणि शिकण्यासाठी ती पुरून उरते. ते बनवणारी ब्लॅकमॅजिक कंपनी त्याची शिकवण्याची पुस्तकं पीडीएफमध्ये, सरावाच्या फूटेजसकट, स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट देते. यूट्यूबवरचे दोनशे तुटक व्हिडिओ बघण्यापेक्षा त्यातलं एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कर. कॉम्प्युटर मिळत नसेल तर त्यासाठी अडून राहू नकोस, मोबाइलवरच कट करत राहा. त्याच कंपनीचं कॅमेऱ्याचं ॲपही फुकट आहे. तुझ्या फोनवर चालत असेल तर घे, म्हणजे शटर (प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड मिळतो ते) आणि फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) तुझ्या हातात येईल.

तो हातात का हवा, तेही सांगते. स्वयंपाकघराच्या सीनमध्ये तुझ्या भिंतीवर काळे पट्टे वरून खाली सरकताना दिसतात. तू ते कॅमेऱ्याचा दोष समजला असशील. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. अमेरिकेत ६० हर्ट्झ. यूट्यूबवरचे पुष्कळ शिकवणारे तिकडचे. त्यांच्या घरात ३० फ्रेम आणि १/६० शटर बिनबोभाट चालतं, तेच उदगीरच्या ट्यूबखाली पट्टे देतं. आपण २५ फ्रेम आणि १/५० ठेवायचं. शिकवणारा कुठे उभा राहून शिकवतोय, ते विचारायची सवय लाव. उजेड, वीज, परवानग्या, पैसे, सगळ्यांनाच ते लागू आहे.

पैसे भरून बघायचे नामवंत दिग्दर्शकांचे वर्ग सध्या राहू दे. बघताना उमेद वाटते, पण हाताला वळण लागत नाही. पुण्याच्या एफटीआयआयने, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटने, २०१७ पासून छोट्या मुदतीचे अभ्यासक्रम देशभर घ्यायला सुरुवात केली. काही ऑनलाइनही झाले आहेत. फी असते, पण शिकवणारे कामातले लोक असतात. पटकथा किंवा फिल्म रसग्रहणाचा एखादा करता आला तर कर. ही संस्था १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली, आणि तिथे जायला मिळालं नाही म्हणून अनेकांनी सिनेमाचा नाद सोडलेला मी पाहिला आहे. तू तसं करू नकोस.

बघण्यासाठी मात्र खजिना आहे. सरकारचं माहितीपटांचं खातं, फिल्म्स डिव्हिजन, १९४८ साली सुरू झालं आणि २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं. त्याचे पुष्कळ माहितीपट यूट्यूबवर आहेत. एस. सुखदेव, प्रमोद पती, एस. एन. एस. शास्त्री ही नावं शोध. सरकारी खात्यात बसून या लोकांनी कट आणि आवाजाचे जे खेळ केले ते बघून तू थक्क होशील. दिल्लीच्या पीएसबीटी (पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्ट) या संस्थेने पैसे देऊन करून घेतलेले माहितीपटही यूट्यूबवर सापडतात. मुंबईच्या कॅम्प या कलावंतांच्या गटाने इतरांबरोबर उभं केलेलं इंडियनसिने डॉट एमए हे जुन्या भारतीय सिनेमाचं ऑनलाइन दालन आहे. त्यात सिनेमा टाइमलाइनवर पसरून दिसतो, कट कुठे आहेत ते नजरेने मोजता येतं, बाजूला अभ्यासकांची टिपणं असतात. यातला एक दहा मिनिटांचा माहितीपट घे. आधी आवाज बंद करून बघ, मग चित्राकडे पाठ करून नुसता ऐक, आणि प्रत्येक कटपुढे वहीत एकच ओळ लिही: इथे का कापलं? पहिल्या दिवशी वीस कटनंतर डोकं दुखेल. महिनाभर केलंस तर तुझ्याच पन्नास सेकंदांच्या ड्रोन शॉटकडे तुला बघवणार नाही.

प्रश्न कुठे विचारायचा आणि कसा, यावर जरा जास्त बोलते, कारण मला स्वतःला त्याने वाचवलं आहे.

एक माहितीपट माझ्याकडे एडिटला आला होता. फोनवर शूट, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. टाळीच्या खुणेवर सिंक लावला, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवले, बरोबर बसला. दहा मिनिटांनी बघते तर बाईचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. पुन्हा लावला, पुन्हा सरकला. दोन रात्री गेल्या. रेकॉर्डर बिघडला असेल असं धरून मी दिग्दर्शकाला फोन करून बोललेही, त्याचं मला अजून वाईट वाटतं. शेवटी लोकेशन साउंडवाल्यांच्या एका परदेशी चर्चामंचावर प्रश्न टाकला. पहिला मसुदा होता, "माझा सिंक सरकतो, मदत करा." पाठवण्याआधी जुने प्रश्न वाचले आणि कळलं, अशा प्रश्नांना तिथे कोणी हात लावत नाही. मग नीट लिहिलं: फोन कुठला, रेकॉर्डर कुठला, फाइल किती मिनिटांची, किती मिनिटांनी किती फ्रेमचा फरक पडतो, काय काय करून पाहिलं. तासाभरात एका अनोळखी माणसाने उलट विचारलं, मिडियाइन्फोमध्ये फ्रेमरेट काय दिसतो? मिडियाइन्फो म्हणजे फाइलची कुंडली दाखवणारं छोटं फुकट सॉफ्टवेअर. बघितलं तर लिहिलं होतं, फ्रेमरेट बदलता. कमीत कमी २८.४, जास्तीत जास्त ३०.३. उजेड कमी झाला की फोन स्वतःच फ्रेम कमी करत होता. सगळी फाइल हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमरेटवर काढून घेतली, आणि सिंक शेवटपर्यंत जागेवर राहिला. त्या माणसाचं नाव मला आजही माहीत नाही. त्यानंतर त्या मंचावर नवख्याच्या प्रश्नाचं उत्तर मला येत असेल तर मी थांबून देते.

तेव्हा प्रश्न असा लिही की उत्तर देणाऱ्याला तुझ्या खोलीत उभं राहिल्यासारखं वाटेल. एका वेळी एकच प्रश्न. स्क्रीनशॉट जोड. "माझी फिल्म कशी वाटली" असं विचारू नकोस. "तिसऱ्या मिनिटाला आजी कोणाची वाट बघते ते कळतं का" असं विचार. इंग्रजीची भीती वाटते असं तू लिहिलंस. छोटी छोटी वाक्यं लिही. तिथे ब्राझीलचे, इराणचे, कोरियाचे लोक तसंच इंग्रजी लिहितात आणि व्याकरण कोणी काढत नाही.

रेडिटवर फिल्म करणाऱ्यांचा मोठा विभाग आहे. गर्दी फार, पण सामानाच्या आणि तांत्रिक प्रश्नांना उत्तर लवकर मिळतं. तिथेच व्यावसायिक एडिटरांचा वेगळा विभाग आहे, आणि नवख्यांनी तिथे सरळ प्रश्न न टाकता त्यासाठी ठेवलेल्या साप्ताहिक धाग्यात विचारायचा असतो. असे नियम वाचल्याशिवाय कुठेही तोंड उघडू नकोस, नाहीतर पहिल्याच दिवशी प्रश्न काढून टाकतात आणि मन खट्टू होतं. माहितीपटाची ओढ असेल तर द डी-वर्ड हा मंच बघ. १९९९ पासून चालू आहे, सदस्यत्व फुकट, आणि तिथले लोक निधी, संमती, माणसांना कॅमेऱ्यासमोर मोकळं कसं करायचं, अशा गोष्टींवर बोलतात. छायालेखक रॉजर डीकिन्स यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांचा विभाग आहे. दोन ऑस्कर मिळालेला माणूस तिथे विद्यार्थ्यांना खिडकीतल्या उजेडाबद्दल उत्तरं देतो. तुला विचारायचं नसलं तरी जुनी उत्तरं वाचून काढ. फार कमी साधनांत काम कसं भागवायचं याचं ते शिक्षणच आहे.

मला इथे फाळके आठवतात. १९१२ साली ते लंडनला गेले तेव्हा तिथे त्यांच्या ओळखीचं कोणी नव्हतं. ज्या बायोस्कोप साप्ताहिकाचे ते वर्गणीदार होते त्याची पाटी रस्त्यात दिसली आणि ते सरळ संपादकाला जाऊन भेटले. त्या संपादकाने त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी घालून दिली, आणि फाळक्यांना स्टुडिओचं काम आतून बघायला मिळालं. पण ते रिकाम्या डोक्याने गेले नव्हते. त्याआधी कितीतरी महिने ते रोज सिनेमे बघत होते, पुस्तकं वाचत होते. परत आल्यावर पैसे लावणाऱ्याला पटवण्यासाठी त्यांनी वाटाण्याचं बी रुजून वर येतानाची छोटी फिल्म केली, रोज थोड्या थोड्या फ्रेम घेऊन. अनोळखी माणसाने मदत करावी म्हणून आपण काय घेऊन जायचं, ते यात आहे.

मराठी ग्रुपबद्दल. ते कामाचे आहेत, पण वेगळ्या कामाला. भाड्याने लाइट कुठे मिळेल, लातुरात बूम (लांब दांडीवरचा माइक) धरणारं कोणी आहे का, अमुक गावातला वाडा शूटला मिळेल का, यासाठी त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. तिथे दोन गोष्टी सांभाळ. कलाकारांकडून "रजिस्ट्रेशन", "पोर्टफोलिओ", "वर्कशॉप" अशा नावाखाली पैसे मागणारी पोस्ट दिसली तर त्या माणसाबरोबर काम करू नकोस, आणि अशी पोस्ट पुढेही पाठवू नकोस. गावाकडच्या मुलींना आणि मुलांना यात फसवलं जातं, आणि आपल्या नावाने पुढे गेलेली पोस्ट आपलीच जबाबदारी असते. दुसरं, पूर्ण पटकथा ग्रुपवर टाकू नकोस. लिहिल्या क्षणापासून कॉपीराइट तुझाच असतो, पण तारखेचा पुरावा हाताशी असलेला बरा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेतलं की संहिता घरबसल्या ऑनलाइन नोंदवता येते. त्यांच्या संकेतस्थळावर करारांबद्दलही वाचण्यासारखं आहे. मित्रामित्रांत काम असलं तरी कोणाचं काय आणि कोणाला किती, हे एका कागदावर लिहून सही घे. माझ्या बघण्यातल्या दोन चांगल्या फिल्म केवळ तो कागद नसल्यामुळे हार्ड डिस्कमध्ये पडून आहेत.

पण खरा प्रेक्षक जमवायचा तर तुला उदगीरमध्येच जमवावा लागेल. २०२२ चं साहित्य संमेलन तुमच्या गावात झालं. त्या तीन दिवसांत खुर्च्या मांडणारे, पाहुण्यांची ने-आण करणारे, कवीकट्ट्यावर शेवटपर्यंत बसणारे लोक गावातच आहेत. त्यातल्या पाच जणांना शोध: एक शिक्षक, एक कविता लिहिणारा, एक फोटो स्टुडिओवाला, एक कॉलेजची मुलगी, आणि एक असा ज्याला सिनेमातलं काही कळत नाही पण जो तोंडावर बोलतो. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी, पांढऱ्या भिंतीवर, एक लघुपट बघा आणि मग बोला. मुंबईच्या प्रभात चित्र मंडळासारखी फिल्म सोसायटी १९६८ पासून हेच करत आली आहे. त्यांचं 'वास्तव रूपवाणी' नियतकालिक मिळालं तर वाचत जा, सिनेमाबद्दल मराठीत नीट कसं बोलतात ते त्यातून कळतं.

तुझी स्वतःची फिल्म दाखवशील तेव्हा आधी काही सांगू नकोस. भिंतीकडे न बघता माणसांकडे बघ. कोण कधी फोन काढतं, कोण कधी मांडी बदलतं, ते मिनिटासकट लिही. संपल्यावर तीनच प्रश्न विचार: काय घडलं ते तुमच्या शब्दांत सांगा, कुठे लांबलं, कुठला क्षण लक्षात राहिला. ते बोलत असताना तू खुलासा करायचा नाही. हे फार अवघड जातं. मला वीस वर्षांनंतरही जातं. पण तू खुलासा करायला लागलास की लोक गप्प होतात, आणि मग पुन्हा "भारी भावा" सुरू होतं.

यातून दोन-तीन कट गेले की फेस्टिवल. बहुतेक अर्ज फिल्मफ्रीवे या संकेतस्थळावरून जातात. त्याआधीचं विदाउटअबॉक्स २०१९ मध्ये बंद पडलं. फिल्मफ्रीवे फक्त दार आहे, त्यावर नाव दिसलं म्हणजे फेस्टिवल खरा असं होत नाही. गेल्या वर्षी त्यांनी दाखवलेल्या फिल्मची यादी बघ, त्यातल्या एखाद्या दिग्दर्शकाला शोधून मेल कर आणि विचार, गेला होतास का, खोलीत माणसं होती का. लोक खरं सांगतात.

आपल्या जवळच मोलाची ठिकाणं आहेत. मुंबईचा आंतरराष्ट्रीय महोत्सव, मिफ, १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनसाठीच आहे, दोन वर्षांतून एकदा. केरळचा माहितीपट आणि लघुपट महोत्सव तिरुवनंतपुरमला २००८ पासून होतो. तिथला प्रेक्षक बघायला तरी एकदा जा. सकाळी नऊच्या शोला रांग असते. बेंगळुरूचा आंतरराष्ट्रीय लघुपट महोत्सव ऑस्करच्या पात्रता यादीत आहे. धरमशाळेचा २०१२ पासूनचा महोत्सव स्वतंत्र सिनेमाला मनापासून जागा देतो. गोव्याच्या इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, २०२१ पासून पस्तिशीच्या आतल्या तरुणांसाठी एक उपक्रम आहे. सुरुवातीला ७५ जणांची निवड व्हायची, २०२४ मध्ये १०० जणांची झाली, आणि त्यात गट करून ४८ तासांत फिल्म करायची असते. त्याला अर्ज कर. तिथे तुझ्याच वयाचा आसामचा साउंडवाला आणि तमिळनाडूचा कॅमेरामन भेटेल, आणि पुढची दहा वर्षं ते तुझे फोन उचलतील. प्रत्येक ठिकाणचे नियम दरवर्षी बदलतात, म्हणून मुदत आणि फी त्यांच्याच पानावर वाच. एक चूक मात्र आत्ताच थांबव: फिल्म यूट्यूबवर सगळ्यांना खुली करू नकोस. बऱ्याच फेस्टिवलना आधी कुठे न दाखवलेली फिल्म हवी असते. पासवर्डवाली लिंक ठेव.

मोठ्या फिल्मचं स्वप्न असेल तर पुढचा रस्ता लॅबमधून, म्हणजे तयार होत असलेल्या फिल्मवर जाणकारांसोबत काम करायच्या शिबिरांमधून जातो. एनएफडीसीचा फिल्म बझार २००७ पासून गोव्यात इफ्फीच्या जोडीने भरतो, आता त्याच्या नावाआधी 'वेव्हज' हा शब्द लागला आहे. पटकथेपासून कच्च्या कटपर्यंत वेगवेगळ्या टप्प्यांवर तिथे जाणकारांसमोर बसता येतं. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला रॉटरडॅम फेस्टिवलच्या ह्युबर्ट बाल्स फंडाची मदत मिळाली होती. रोहन कानवडे कुठल्या फिल्म स्कूलमध्ये गेले नाहीत. आधी लघुपट करत राहिले, 'साबर बोंडं'ची संहिता व्हेनिसच्या बिएनाले कॉलेज या लॅबपर्यंत नेली, आणि २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक घेतलं. मराठीत, खेड्यातली गोष्ट. या सगळ्यांचे अर्ज ऑनलाइनच भरायचे असतात. पण त्याला अजून वेळ आहे. आधी तुझ्या तीन लघुपटांवर तुझा स्वतःचा विश्वास बसू दे.

बाहेर पाठवण्याआधी सबटायटल नीट कर. तुझ्या फिल्ममध्ये शेजारीण ओरडते, "आजे, नळ जायलाय!" तू इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवलास. परदेशी माणसाला वाटेल, लोखंडी नळ उठून कुठेतरी निघाला. तिथे "पाणी बंद होतंय" एवढंच हवं. आणि त्याला हेही माहीत नाही की तुमच्याकडे पाणी रोज येत नाही. आपल्याला २०१६ ची मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे आठवते, त्याला कशी आठवेल? म्हणून सुरुवातीच्या ड्रोन शॉटऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरचा शॉट ठेव, जिथे आजीने नळाच्या तारखांवर कोळशाने खुणा केल्यात. तो तुझ्याकडे आहे, चौथ्या मिनिटाला, दोनच सेकंद. सबटायटल एडिट नावाचं फुकट सॉफ्टवेअर घे. एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी, आणि कट पडतो तिथे ओळही संपव. मग फिल्म न बघितलेल्या, इंग्रजी वाचणाऱ्या कोणाला तरी दाखव.

शेवटी वाजणारं जुनं सिनेगीत काढावं लागेल. गाणं जुनं असलं की मोकळं होतं, हा गैरसमज आहे. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं असतो, पण शब्द आणि चालीचा हक्क कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. ध्वनी हवे असतील तर बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाने २००५ मध्ये सुरू केलेलं फ्रीसाउंड हे संकेतस्थळ आहे. प्रत्येक फाइलचा परवाना वेगळा असतो, "व्यावसायिक वापर नाही" असं लिहिलेली घेऊ नकोस, नाहीतर उद्या फिल्म कोणी विकत घ्यायला आलं की अडशील. पण तुला संगीत कशाला हवं? तोटीतली हवा, रिकाम्या हंड्यांचा आवाज, पहाटे गल्लीत पळणाऱ्या बायकांच्या चपला. हे सगळं पुढच्या नळाच्या दिवशी त्या नव्या माइकवर नीट रेकॉर्ड करून आण. असा आवाज कुठल्याच संकेतस्थळावर मिळणार नाही.

नवा कट सहा मिनिटांच्या आत बसव आणि मला पाठव. सोबत तुला स्वतःला कुठे शंका आहे ती मिनिटं लिही, आणि पासवर्ड लिहायला विसरू नकोस. मी बघेन, आणि माझ्या ओळखीच्या एका साउंड डिझायनरलाही दाखवेन. तो लातूरचाच आहे.

आणि एक विचारायचं राहिलं. ही फिल्म आजीने पाहिली का, ते तू कुठे लिहिलं नाहीस. नसेल पाहिली तर बाकी सगळ्यांच्या आधी तिला दाखव, आणि ती काय म्हणाली ते मला कळव.